विरोधात एक

सोसायटीच्या सभेला आले की साहेब आधी मनगटावरचं घड्याळ सोडायचे, ते टेबलावर पालथं ठेवायचे आणि म्हणायचे, "मला कुठंही जायचं नाही."

हे ऐकलं की निम्मे सभासद आपापल्या घड्याळात बघायचे. त्यांना सगळ्यांनाच कुठंतरी जायचं असायचं. आमच्या सभेचा शिरस्ता तुम्हाला ठाऊक असेल, कारण तुमचाही तोच असणार. दहाला बोलावलेली सभा माणसं कमी म्हणून तहकूब करायची, अर्ध्या तासाने तेवढ्याच माणसांत पुन्हा भरवायची, मागच्या सभेचं इतिवृत्त कुणी न ऐकता 'कायम' करायचं आणि वडे गार व्हायच्या आत उठायचं. त्यात हा ऐंशी ओलांडलेला, इस्त्रीच्या खादी शर्टातला माणूस घड्याळ पालथं घालून बसायचा. विषय पाण्याच्या टँकरचा नसून दोन देशांच्या सरहद्दीचा आहे, असा त्यांचा चेहरा असायचा.

साहेब हे नाव आम्हीच दिलेलं. अर्धं आदराने आणि अर्धं पुण्यात देतात तसं. परराष्ट्र खात्यातून ते निवृत्त झाले होते. उमेदीची बहुतेक वर्षं आफ्रिकेत गेली, तीही अशा काळात, जेव्हा तिथले काही देश अजून स्वतंत्र व्हायचे होते आणि त्यांचे पुढारी परागंदा होऊन झांबियातल्या लुसाकासारख्या शहरात, भाड्याच्या घरांतून आपापला देश चालवत होते. बायको गेल्यावर ते विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायला आले. राजदूत येणार म्हणून आम्ही परदेशी गालिचे आणि हस्तिदंत बघायला टपलो होतो. टेम्पोतून पुस्तकांची खोकी उतरली आणि एक लाकडी पाट.

आमचे अध्यक्ष अण्णा. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची. तिथं ज्वारी कशी व्हायची हे ते प्रत्येक सभेत एकदा सांगतात आणि आम्ही अजून ती तुडवत उभे असल्यासारखे खाली बघतो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "साहेब, राजदूत म्हंजी नक्की काय काम असतंय वो?"

"थांबायचं," साहेब म्हणाले. "जास्त करून थांबायचं."

"आयला. ते तर आमी तलाठ्याच्या दारात बी करतो."

"मग तुम्हाला अनुभव आहे," साहेब म्हणाले. अण्णा खूश झाले. आपली फिरकी घेतली की आपला सन्मान झाला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही नाही.

माझ्याबद्दल एवढंच, की मी या सोसायटीचा सात वर्षं सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी होत नाही. पोटापाण्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. वसाहतवादाचा अंत आणि वंशभेदाविरुद्ध भारताने घेतलेली भूमिका हे दोन्ही विषय मी दरवर्षी शिकवतो आणि त्यांवर पाच गुणांचा प्रश्नही घालतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगताना लपवायचा मोह होईल.

साहेबांनी शांततेसाठी आयुष्य दिलं होतं आणि ती सवय काही सुटत नव्हती. 'अ' इमारतीतल्या दोन सभासदांचं पार्किंगवरून भांडण होतं. एकाची मोटार दुसऱ्याच्या पट्ट्यात वीतभर घुसायची. साहेबांनी मध्यस्थी मागून घेतली. दोघांना दर रविवारी घरी बोलवायचे, सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर बसवायचे, आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याकडून वदवून घ्यायचे. "ते काय म्हणाले ते तुम्ही सांगा. त्यांना पटेल असं सांगा." पाच रविवार असे गेले. सहाव्या रविवारी ते दोघं जिन्यातच भेटले, वीतभर जागेचा निकाल दोन मिनिटांत लावला आणि परत फिरले. त्यांचं एकमत झालं होतं, ते साहेबांना टाळण्यावर.

मला वाटलं, साहेब दुखावतील. ते तर आनंदाने हात चोळत होते. "तह असाच होतो, सर. दोन्ही बाजू मध्यस्थाला कंटाळल्या पाहिजेत. फक्त मध्यस्थाने आधी कंटाळायचं नाही."

आफ्रिकेबद्दल विचारलं तर ते शौर्याचं काही सांगायचे नाहीत. ऐकणाऱ्याची निराशा व्हायची. मी एकदा मोठ्या आशेने त्यांना वर्गात बोलायला नेलं. मुलांना बंदुका हव्या होत्या. साहेबांनी पाऊण तास कांबळी, खोकल्याचं औषध आणि प्रवासाची कागदपत्रं यांवर भाषण केलं. पुढाऱ्यांना गोळी लागत नसे तेव्हा त्यांना खोकला होत असे, आणि खोकल्यासाठी कुणाकडे जायचं ते ठरलेलं नसे. मागच्या बाकावर पोरं झोपली. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही नेमकं काय केलं?"

"शिष्यवृत्त्या दिल्या," ते म्हणाले. "बरीच मुलं पुण्यात पाठवली. त्यांच्या आया विमानतळावर मला विचारायच्या, तिथली माणसं कशी आहेत? मी सांगायचो, तिरकं बोलतात, पण घर देतात."

मुलं हसली. मीही हसलो. आपल्या गावाची तारीफ झाली की आपण किती मोकळेपणाने हसतो.

त्यानंतर वर्षभराने ग्रेस आली. झांबियाची, तिशीच्या आतबाहेरची, वाघोलीच्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने एजंटामार्फत भाड्याने घेतला. मालक परदेशी असतो, त्याला भाडं वेळेवर मिळण्याशी मतलब. पहिल्याच आठवड्यात लिफ्टपाशी साहेब तिच्याशी तिच्या भाषेत काहीतरी बोलले आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली. मी विचारलं तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, "हे माझ्या आजोबांसारखं बोलतात. असं आता कुणीच बोलत नाही." साहेब एवढे लाजले, की जिन्याने वर गेले.

तिच्याविरुद्ध तक्रार काय होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि अर्ज माझ्याकडेच आला होता. सुक्या मासळीचा वास. (तळमजल्यावर रोज बोंबील तळतात, तो वास आपला असतो.) रविवारी सकाळी मैत्रिणी येतात आणि प्रार्थना गातात. (गणपतीत आमच्या स्पीकरने खिडक्यांची तावदानं हलतात.) अर्जावर पहिली सही लेले काकूंची. काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांच्या मनात कुणाबद्दल काही नसतं.

"माझ्या मनात काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण लिफ्टचं दार उघडतं आणि एकदम समोर दिसते. दचकायला होतं."

"तिलाही होत असेल," साहेब म्हणाले.

विशेष सभा भरली. ठरावाचा मसुदा अण्णांनी तोंडी सांगितला: परदेशी माणसाला सोसायटीत जागा भाड्याने द्यायची नाही. माणसं वड्यांकडे बघत होती. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं आणि फार मृदू आवाजात विचारलं, "लेले बाई, आपले जावई कुठले नागरिक आहेत?"

काकूंचे जावई अमेरिकेचे नागरिक आहेत, दर हिवाळ्यात तीन महिने इथं असतात आणि सोसायटीच्या व्यायामशाळेतली सायकल त्यांनीच दिली आहे. मग जो गोंधळ उडाला तो तुम्ही बघायला हवा होता. कुणी म्हणालं, गोऱ्यांना वगळा. कुणी म्हणालं, असं लिहिता येत नाही. जे सगळ्यांना म्हणायचं होतं ते नेमकं लिहिता येत नव्हतं, आणि जे लिहिता येत होतं त्यात जावई सापडत होते. ठराव बारगळणार, असं पाचएक मिनिटं वाटलं.

तेव्हा मी तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं. मला शब्दांची अडचण दिसली आणि ती सोडवता येते आहे हे दिसलं, एवढंच. मी म्हणालो, "असं लिहिता येईल. 'विद्यार्थी असलेल्या परदेशी नागरिकांस सदनिका भाड्याने देऊ नये. सभासदांकडे येणारे पाहुणे यातून वगळण्यात येत आहेत.'"

"याला म्हंत्यात शिकल्याला माणूस!" अण्णा म्हणाले.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "उत्तम मसुदा आहे, सर," ते म्हणाले. "आमच्या खात्यात असता तर फार वर गेला असता."

सभेतली माणसं हसली. त्यांना ते कौतुक वाटलं. मला वाटलं नाही, पण मी हसलो. मग हात वर झाले. माझाही झाला. फार उंच नव्हता, पण मोजायला पुरेसा होता. अण्णांनी "विरोधात?" असं सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते उठायला लागले. साहेबांचा एकट्याचा हात वर होता, आणि सगळे परत खाली बसेपर्यंत त्यांनी तो वरच ठेवला.

"विरोधात एक," ते मला म्हणाले. "नोंद करा."

"करतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा अण्णा आले. "सर, ते एक मत कशापायी लिवता? उद्या ती पोरगी पोलिसात गेली तर नाव साहेबांचंच पुढं येनार. म्हातारं मानूस, त्येला कशाला तरास?" आमच्या वहीत पहिल्या पानापासून प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर झालेला आहे. टँकर सर्वानुमते, लिफ्टची दुरुस्ती सर्वानुमते, मोकाट कुत्र्यांचा निषेध सर्वानुमते. त्या ओळीत वेगळं काही लिहिलं असतं तर ते डोळ्यांवर आलं असतं. मी 'सर्वानुमते' लिहिलं आणि साहेबांची काळजी घेतल्याचं समाधान मिळवलं. मला कुणी वाईट म्हणू नये, एवढंच माझं राजकारण. बाकीचं मी वर्गात शिकवतो.

फ्लॅटच्या मालकाने ग्रेसला महिनाअखेर जागा सोडायला कळवलं. तिची शेवटची परीक्षा सहा आठवड्यांवर होती. एजंटाने तिला वाघोली, धानोरी, खराडी अशी बरीच घरं दाखवली. फोनवर घर रिकामं असायचं, ती दारात पोचली की भरलेलं असायचं.

महिना संपला त्या दिवशी तिच्या बॅगा लिफ्टने खाली निघाल्या आणि दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. फाटकाशी उभे असलेले अण्णा वाट बघून वर गेले. साहेब दारात होते.

"ही माझी पाहुणी," साहेब म्हणाले. "पाहुण्यांना ठरावातून वगळलं आहे. सरांनी फार विचार करून ते वाक्य घातलंय."

त्या आठवड्यात मी सोसायटीतला सगळ्यात नावडता माणूस होतो. ठराव करणाऱ्यांना माझा मसुदा कच्चा वाटत होता आणि साहेबांना पक्का. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "या वयात घरात तरुण मुलगी! लोक काय म्हणतील?" काय म्हणतील ते त्या स्वतःच प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगत होत्या, म्हणजे लोकांना विचार करायचा त्रास नको.

अण्णांनी मला बोलणी करायला पाठवलं. मी संध्याकाळी गेलो. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा आणि पालेभाजी असं जेवण चाललं होतं. साहेब पाटावर मांडी घालून बसले होते, ग्रेस खुर्चीवर, मांडीवर पुस्तक. तिने उठून माझ्यासाठी ताट घेतलं.

"नको, आज चतुर्थी आहे," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं दिनदर्शिका टांगलेली होती. चतुर्थी चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती. "असेल," ते म्हणाले. "सरांना फक्त पाणी दे."

मी घसा साफ करून सोसायटीच्या भावना वगैरे सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "सर, मी तिला सांगितलंय, परीक्षा होईपर्यंत हे तिचं घर आहे. नाही असं सांगायचं असेल तर तुम्ही तिला सांगा. ती समोर बसली आहे. तिला इंग्रजी येतं, तुम्हालाही येतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप मी पोचवले, हा पोचवणार नाही."

ग्रेस माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. विद्यार्थ्याचा असतो तसा चेहरा, सर काय विचारणार याची वाट बघणारा. मी विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"पंधरा दिवस, सर," ती मराठीत म्हणाली.

"अभ्यास कर," मी म्हणालो, आणि उठलो. खाली अण्णांना सांगितलं की म्हातारा ऐकत नाही.

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी भरभर वाचलं. 'सर्वानुमते'वर साहेब म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "माझं मत कुठं आहे?"

"अवो साहेब, एका मतानं काय फरक पडतोय?" अण्णा म्हणाले. "ठराव तर झालाच की."

"झाला, आणि तो होणार हे मलाही माहीत होतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मी वर्षानुवर्षं अशा सभागृहांत बसलो, जिथं आपण हरणार हे सकाळीच ठाऊक असायचं. आम्ही तरी जायचो. हरलेलं मत कागदावर राहतं. पुढे कुणीतरी ते वाचतं आणि त्याला कळतं, की तेव्हाही सगळे तसे नव्हते. तुम्ही मला 'सगळे' करून टाकलंत. एवढं मोठं स्वातंत्र्य, सर, माझ्या शत्रूंनीसुद्धा माझ्याबाबतीत घेतलं नव्हतं."

"पुढच्या वेळी दुरुस्ती करू," मी म्हणालो.

मग पत्रं सुरू झाली. दर सोमवारी एक. स्वच्छ अक्षरात, चार ओळींचं, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. ते स्वतः आणून द्यायचे, पोच म्हणून माझी सही घ्यायचे, चहा प्यायचे, माझ्या बायकोला सुरण कसा शिजवावा ते सांगायचे आणि जायचे. अकरा पत्रं आली. बायको म्हणायची, "अहो, लिहून टाका ना एकदाचं. एक ओळ तर आहे." मी म्हणायचो, वही अध्यक्षांकडे आहे. वही आमच्या कपाटात होती, तिच्या साड्यांच्या खाली.

ग्रेसने परीक्षा दिली, पास झाली, आणि वाघोलीत पाच मुलींनी मिळून घेतलेल्या घरात राहायला गेली. चौथ्या मजल्यावर आता खराडीला कामाला जाणारी तीन पोरं राहतात. त्यांचं संगीत मी माझ्या घरात बसून ऐकतो. तक्रार कुणाची नाही.

थंडीत साहेबांना न्यूमोनिया झाला. मी रुग्णालयात गेलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी वाकून म्हणालो, "साहेब, ती दुरुस्ती करतो मी." त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. अशा वेळी दिलेल्या आश्वासनाला त्यांच्या खात्यात काय म्हणत असतील कुणास ठाऊक. आमच्यात त्याला घाबरणं म्हणतात.

स्मशानात त्यांचा एक पुतण्या, आम्ही सात-आठ जण आणि दोन रिक्षांतून आलेल्या ग्रेस नि तिच्या मैत्रिणी. त्या हलक्या आवाजात काहीतरी गायल्या. लेले काकूंनी डोळे पुसले. "किती गोड गळे आहेत हो," त्या म्हणाल्या. खरंच म्हणाल्या.

शोकसभा आमच्याच सभागृहात. मसुदा अर्थातच माझा: शांततेसाठी आणि आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेले थोर व्यक्तिमत्त्व. अण्णांनी सभागृहाला 'शांतिदूत' नाव द्यायची सूचना मांडली आणि टाळ्या पडल्या. शोकसभा आहे हे आठवून थांबल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, त्याआधी एका जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे.

"आता कशापायी सर?" अण्णा म्हणाले. "मागनारा मानूस गेला की."

"म्हणूनच," मी म्हणालो. एवढंच सुचलं. कुणी विरोध केला नाही. हार घातलेल्या फोटोसमोर कोण करणार? मी वही उघडून तिथंच, सगळ्यांसमोर, समासात लिहिलं. लिहिताना मोह झाला. 'विरोधात दोन' लिहिलं असतं तर कुणाला आठवलं नसतं, अण्णांनासुद्धा नाही. पण माझा हात त्या दिवशी वर होता. मी 'विरोधात एक' लिहिलं, साहेबांचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

"आणि मूळ ठराव?" मागून कुणीतरी विचारलं. माझी बायको होती.

मूळ ठराव तसाच आहे. तो असा उठून रद्द करता येत नाही. सभेची रीतसर सूचना लागते. ती मी लावली आहे. फाटकातून आत आलात तर डाव्या हाताला, काचेच्या फळ्यात. विषय: परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा ठराव रद्द करणे. सूचक म्हणून माझं नाव आहे. त्याखाली अनुमोदकाचं नाव लागतं, त्याशिवाय आमच्याकडे विषय चर्चेला येत नाही. बायको सही करायला तयार आहे, पण फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, ती सभासद नाही. लेले काकू म्हणाल्या, जावई येऊन गेले की बघू. ज्यांचं पार्किंगचं भांडण मिटलं होतं ते दोघंही सूचना वाचून गेले, एकमेकांशी बोलत.

तीन आठवडे झाले. रोज सकाळी कॉलेजला निघताना मी फळ्यासमोर थांबतो. माझ्या नावाखालची ओळ कोरी आहे.